पत्नी: मयत

कडेगावचा पोस्टमन वस्तीवर यायचा तो सहसा कुणाच्या तरी मरणाची चिठ्ठी घेऊन. म्हणून माघातल्या त्या सकाळी तो सायकल हातानं ढकलत बांधावरून येताना दिसला, तेव्हा चारी घरांतल्या बायकांना एकदमच अंगणात कामं निघाली. कुणी शेणी उलटायला आली, कुणी रिकामं सूप पाखडायला लागली. पोस्टमन राहीबाईच्या दारात थांबला. पाकीट जाड होतं आणि वर परक्या देशाची मोहर होती. ते घ्यायच्या आधी राहीबाईनं पदराला हात पुसून घेतले.

"मुंबैस्नं आलंय. इटलीच्या वकिलातीचं," पोस्टमन म्हणाला.

"वकिलाचं? मग दादासोनं बांधाचा दावा लावला व्हय रं आखेर?"

"आवं, वकिलाचं न्हवं. परमुलखाच्या सरकारची कचेरी असती मुंबैला. त्येंच्या मुलखात जायाचं तर तितनं परवाना काढाय लागतो."

"मला कुटं जायाचंय? मी कराडच्या पलीकडं गेली न्हाई जल्मात," राहीबाई म्हणाली, पण पाकीट तिनं छातीशी धरलं.

तिची सून मनुबाई गोठ्यातून हात धुऊन आली आणि दाराआड उभी राहिली. बिनकुंकवाच्या बाईनं टपालवाल्यासमोर येऊ नये असा काही कायदा नव्हता. पण दोन वर्षांत तिला मागं उभं राहायची सवयच लागून गेली होती. लग्नकार्यात मागं, हळदीकुंकवाला तर घरातच, आणि पाणवठ्यावर सगळ्याजणी भरून गेल्यावर. घरात दोघीच. सासू सुनेशी बोलायची ते म्हशीबद्दल आणि पिठाबद्दल, आणि संध्याकाळनंतर तेही संपायचं.

पाकीट वाचायला हवालदार लालासाहेबांना बोलावणं गेलं. बेळगावला मराठा पलटणीच्या कचेरीत त्यांनी सोळा वर्षं काढली होती, त्यामुळं पंचक्रोशीतलं सगळं इंग्रजी त्यांच्याकडं यायचं. सगळे त्यांना तात्या म्हणत. माणूस सरळ, इतका की खोटी साक्ष द्यायची नाही म्हणून सख्ख्या साडूशी बोलणं तोडलेला. त्यांनी ओसरीवर बसून चष्म्याचा दोरा कानामागं अडकवला, पत्र मनातल्या मनात एकदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. एवढ्यात राहीबाईचा धीर सुटला.

"कोन मेलं सांगून टाका तात्या एकदाचं."

"कोन मेलं न्हाई. उलटं हाय. जोतिबा हाय."

"हाय म्हंजे?"

"हाय म्हंजे जित्ता हाय, राहीवैनी. इटलीत हाय."

जोतिबाला, राहीबाईच्या लेकाला, जाळून तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

खरा जोतिबा टोब्रुकच्या लढाईत शत्रूच्या हाती सापडला होता. इटलीतल्या कैद्यांच्या छावणीतून त्याची तीन कार्डं आली आणि पुढं बंद पडली. छावणी फुटली, कैदी डोंगरात पळाले, एवढं लालासाहेबांना पलटणीकडून कळलं होतं. लढाई संपली, पलटण परत आली, तासगावकडचे, कडेगावकडचे जे यायचे ते आले. मग बेळगावहून कागद आला की जोतिबा नाथाजी मोहिते बेपत्ता आहे, तो मेला असं समजावं. ते समजायचं कसं, ते काही कागदात नव्हतं. ते भावकीतल्या दादासोनं बघितलं. ज्याची माती हाती लागत नाही त्याच्यासाठी करतात तसं त्यानं रीतसर केलं. भटजी आणला, ओढ्याकाठी पळसाच्या पानांचा माणसाएवढा बाहुला केला, तो दर्भानं बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि अग्नी दिला. नारळ फुटला तो आवाज वस्तीवर घरापर्यंत ऐकू आला. त्याच सकाळी मनुबाईच्या बांगड्या फुटल्या.

तिला तेव्हा रडू आलं नाही. बायका टपून बसल्या होत्या, हळूच चिमटेही काढत होत्या, पण नाही आलं. पानांच्या बाहुल्यासाठी रडायचं कसं ते तिला जमेना. बायका म्हणाल्या, दगड आहे. खरं तर ती आतून अजून वाटच बघत होती आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. नवरा तिच्या वाट्याला आला होता किती? लग्नात ती पंधराची. लग्नानंतर तो पलटणीत गेला, दोनदा रजेवर आला, आणि दोन्ही रजा मिळून एकतीस दिवस. त्यातले चार पावसात गेले, तो छप्पर शाकारत होता आणि ती खालून पेंढ्या देत होती. सुखाचं म्हणून काही आठवायचं झालं तर तिला ते चार दिवस आठवायचे.

"पुढं वाचा," राहीबाई म्हणाली.

लालासाहेबांनी वाचलं आणि मराठीत सांगितलं. जोतिबा तिकडं डोंगरातल्या एका गावात राहतो. आता तिथल्या पोलिसांनी परक्या माणसांचे कागद तपासायला घेतलेत. याच्याजवळ कागद नाहीत. तिथल्याच एका बाईशी लग्न लावून त्याची नोंद करावी, म्हणजे राहायचा परवाना मिळेल, असा त्यानं अर्ज केलाय. त्यांच्या कायद्यानं एक बायको असताना दुसरी करता येत नाही. म्हणून तिथल्या सरकारनं मुंबईच्या वकिलातीला कळवलंय, की याच्या मुलखात विचारून खात्री करा. वकिलातीचा माणूस येत्या पंधरवड्यात साताऱ्याला येणार आहे. घरच्या कुणीतरी येऊन जबानी द्यावी.

"बायको न्हाई असं लिवलंय त्येनं?" राहीबाईनं विचारलं.

लालासाहेब खाकरले. दाराआडून मनुबाई म्हणाली, "तात्या, माजं काय लिवलंय त्ये वाचा."

"तुजं न्हाई काय तसं."

"वाचा."

लालासाहेबांनी कागद डोळ्यांशी नेला. "पत्नी, मयत. सन चव्वेचाळीस."

मनुबाईला हसू आलं. तिचं तिलाच ते कसंसं वाटलं, पण आलं खरं. चव्वेचाळीस साली ती काय करत होती? खळ्यावर रात्रंदिवस मरमर राबत होती, ज्वारी घरात आली की तेवढीच चार पोती नवरा आल्यावर दिसतील म्हणून. आणि तो तिकडं एका कागदावर तिला मारून मोकळा झाला होता. इकडं त्यांनी त्याला जाळला, तिकडं त्यानं हिला पुरली. फिट्टंफाट झाली.

"हात्तिच्या," राहीबाई उठून उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिचा आवाज असा चढला नव्हता. "मग सोपं हाय की! ही जाऊन हुबी ऱ्हायली म्हंजे झालं. मी बायको हाय, जित्ती हाय, लावा आंगठा. मग काय करतील तात्या?"

"मग लगीन हुनार न्हाई. परवाना न्हाई. बोटीत घालून धाडून देतील."

"आन पलटनीत परत गेला न्हाई त्येचं लचांड?"

"लढाई सपली, साहेब गेला, पलटनीनं नाव काढून टाकलं. आता कोन इचारतंय त्येला?"

राहीबाईनं सुनेचा हात धरला. लग्नात पाय धुताना धरला असेल तेवढाच. "मने, तुज्या एका आंगठ्यावर माजा ल्योक हाय बघ."

त्यानंतरचे दहा दिवस घराला पाय फुटले होते. राहीबाई कडेगावच्या भटजीकडं जाऊन आली. ज्याला जाळलं तो माणूस परत आला तर काय करायचं, हे भटजीनं पोथी बघून सांगितलं. असा माणूस नव्यानं जन्माला आला असं धरायचं. अंगाला तूप लावून त्याला पाळण्यात घालायचं, बारसं करायचं, नाव ठेवायचं. आणि पहिलं लग्न जळून गेलेलं, म्हणून त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं, हळदीपासून सगळं. ही बातमी वस्तीवर पसरायला वेळ लागला नाही. शेजारची शालूबाई कुंपणावरून म्हणाली, "तुजं बरं हाय मने. आमचा एकदाच झाला तर जीव नको झाला, आन तुला त्योच नवरा दोनदा. पाळन्यातला बाप्या बघाय मी पैल्या रांगंत बसनार बघ." दोन वर्षांत मनुबाईशी कुणी थट्टा केली नव्हती. तिला ती थट्टा गोड लागली.

राग होताच. भाकरी थापताना तो हातात यायचा आणि भाकरी फाटायची. पण रागाच्या खाली दुसरंही काही होतं. जात्यावर बसली की तिला आपल्या हाताचा बिनआवाजाचा फेरा जाणवायचा. पूर्वी दळताना बांगड्या वाजायच्या आणि त्यांची सोबत व्हायची. आता नुसता दगडावर दगड. पुन्हा हळद लागेल, पुन्हा चुडा भरला जाईल, ओसरीवर कुणीतरी खाकरेल, ताटात तिसरी भाकरी जाईल. जाब विचारायला तरी माणूस समोर असेल. मी मेले होय, असं विचारायचं तिनं ठरवूनच ठेवलं होतं.

ठरल्या दिवशी लालासाहेबांबरोबर ती सर्व्हिस मोटारीनं कराडला आणि तिथून साताऱ्याला गेली. राहीबाईचे गुडघे धरलेले, तिनं बांधापर्यंत येऊन सुनेच्या हातावर दही घातलं.

कलेक्टर कचेरीच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती, त्यात वकिलातीचा कारकून बसला होता. पाचगणीला कुणा परदेशी मडमेच्या कागदांचं काम उरकून परत जाताना त्यानं ही जबानी धरली होती. माणूस गोव्याकडचा, पन्नाशीचा, अंगात कोट, टेबलाला टेकवलेली काळी छत्री. मराठी स्वच्छ बोलायचा, फक्त वाक्याच्या शेवटी थोडा गायचा. त्यानं लालासाहेबांना खुर्ची दिली आणि मनुबाईला बाक दाखवला.

"आधी हा माणूस तोच का ते बघा," असं म्हणून त्यानं एक फोटो पुढं सरकवला.

मनुबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला. दगडांच्या ताली घातलेलं उताराचं रान होतं. त्यात जोतिबा उभा होता. भरला होता, केस मागं गेले होते, डोक्याला कसलीशी चपटी टोपी होती. उभं राहायची तऱ्हा मात्र तीच, एका पायावर भार देऊन. खांद्यावर दोन वर्षांचं पोरगं बसवलेलं होतं. पोराच्या अंगात लोकरीचा सदरा होता आणि खाली काही नव्हतं, आपल्याकडं असतं तसं. कमरेला काळा करदोटा होता. आणि गालावर, डाव्या, एक ठसठशीत तीट लावलेली होती.

त्या मुलखात तीट कोण लावणार? त्या बाईला काय ठाऊक दृष्ट लागते ते? त्यानंच लावली असणार. काजळ नसेल मिळालं तर चुलीतला कोळसा उगाळून लावली असेल. मनुबाई त्या तिटेकडं बघत राहिली.

"मानूस त्योच हाय," लालासाहेब म्हणाले.

"मूल त्याचंच. सध्या आईच्या नावावर लागलंय," कारकून म्हणाला. "बापाच्या रकान्यात तिकडं रेघ मारून ठेवलेली आहे. लग्न नोंदलं की बापाचं नाव लागेल."

"त्या घरात कोन कोन असतंय?" मनुबाईनं विचारलं.

कारकुनानं फाईलची पानं उलटली. विचारायची रीत नव्हती, पण तो चांगला माणूस होता, त्यानं सांगितलं. "ती बाई आणि तिची म्हातारी आई. बाप होता, त्यानं ह्याला हिवाळाभर मेंढरांच्या गोठ्यात लपवलं होतं. जर्मनांना कळलं, त्यांनी बापाला अंगणात उभं करून गोळी घातली. हा सापडला नाही. पुढं ह्यानंच त्यांची शेती धरली. घरात दुसरा बाप्या माणूस नाही असं जबानीत आहे."

"आन परवाना न्हाई दिला तर?"

"तर मार्चअखेर नेपल्सहून बोटीत बसवतील. तीन आठवड्यांत मुंबई."

तीन आठवडे. मनुबाईनं नऊ वर्षं वाट बघितली होती, आणि तीन आठवड्यांत तो येऊ शकत होता. तिनं नुसतं खरं बोलायचं होतं. ती मनातल्या मनात त्याला आणू लागली. मोटारीतून उतरला. वस्तीवर आला. पाळण्यात बसवला, शालूबाई तोंडाला पदर लावून हसली. हळद लागली. अक्षता पडल्या. आणि मग पाव्हणे गेले, आणि संध्याकाळ झाली, आणि तो ओसरीवर बसला. तिथवर सगळं तिला दिसलं. तो ओसरीवर बसला होता आणि रस्त्याकडं बघत होता. जेव म्हटलं की जेवत होता. बोल म्हटलं की बोलत होता. आणि बघत होता तिकडं.

वाट बघणारं माणूस कसं दिसतं ते मनुबाईला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. ते माणूस घरात असून नसतं. त्याच्या हातून मीठ जास्त पडतं. दाराशी कुत्रं हललं तरी ते उठतं. नऊ वर्षं ती स्वतः तशी होती, आणि आता तसलंच दुसरं माणूस रोज समोर घेऊन बसायचं, ह्याच छपराखाली. आणि तिकडं त्या डोंगरात दोन बायका, एक म्हातारी आणि एक तरणी, दोघीच, पिठाबद्दल बोलत. असं एक घर होतंच की. त्यात दुसऱ्याची भर कशाला घालायची?

"तर बाई," कारकुनानं टाक दौतीत बुडवला. "तुम्ही अर्जदाराच्या कोण?"

लालासाहेब खुर्चीत सावरून बसले.

"भैन," मनुबाई म्हणाली.

लालासाहेबांचा चष्मा नाकावरून घसरला. तो त्यांनी वर केला नाही.

"अर्जात बहिणीचा उल्लेख नाही."

"बाईमानसाची कोन नोंद करतंय, सायेब?"

कारकुनानं टाक खाली ठेवला. तिच्या कपाळाकडं बघितलं, मोकळ्या मनगटांकडं बघितलं. त्याला संशय आला होता आणि तो त्यानं लपवला नाही. "मी वीस वर्षं बायकांच्या जबान्या घेतोय. तुमच्याकडची बाई मेली तरी नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. तीन-तीनदा विचारलं तरी शेजारणीकडून वदवते. तुम्ही बहीण आहात ना? मग भावाचं नाव सांगा. बापासकट, पूर्ण."

हे नाव तिनं आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात, बायकांनी वाट अडवली तेव्हा, उखाण्यात गुंडाळून. नंतर कधीच नाही. देवापुढं नाही, आजारात नाही. बाहुला जळाला त्या दिवशीसुद्धा नाही. आणि सासऱ्याचं तर ओठांवर आणायचीही सोय नव्हती.

"जोतिबा," ती म्हणाली. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. "जोतिबा नाथाजी मोहिते." मग तिला ते नाव आणखी एकदा घ्यावंसं वाटलं, कारण पुन्हा कधी घ्यायला मिळणार नव्हतं. "आमी जोत्या म्हनायचो."

कारकुनाची खात्री पटली. त्यानं टाक उचलला. "आणि त्यांची बायको?"

"मनुबाई तिचं नाव. वारली."

"केव्हा?"

"त्येनं लिवलंय तवाच. चव्वेचाळीसला."

"कशानं?"

ह्याचा तिनं विचार केला नव्हता. "तापानं," ती म्हणाली. कारकुनानं ताप लिहिलं. तिच्या अंगठ्याला शाई लावून त्यानं तो कागदावर दाबला, आणि मग कागद लालासाहेबांकडं फिरवला.

"हवालदार, ह्या बाई अर्जदाराची बहीण आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे?"

लालासाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. तो पुसता पुसता ते मनुबाईकडं बघत राहिले. ती खाली बघत होती, शाईचा अंगठा बाकी बोटांत लपवून. बाहेर कुणीतरी शिपायाला हाक मारली. सख्ख्या साडूसाठी जे केलं नाही ते लालासाहेबांनी मग केलं.

"व्हय. वळखतो," ते म्हणाले, आणि इंग्रजीत सही करून खाली हुद्दा लिहिला.

काम झाल्यावर कारकून मोकळा झाला. फोटोच्या दोन प्रती होत्या, त्यातली एक त्यानं आईसाठी म्हणून दिली. मग पिशवीतून एक छापील कागद काढला. "बहीण आहात म्हणून सांगतो. लग्न नोंदलं की भावाला भेटायला तुम्हांला जाता येईल. आधी पासपोर्ट काढायचा, मग हा व्हिसाचा अर्ज भरून मुंबईला वकिलातीत आणायचा. आई आणि बहीण, दोघींना मिळतो. इथं फोटो लावायचा, इथं नातं लिहायचं."

मनुबाईनं कागदाची घडी घालून कमरेला खोचली. बायको म्हणून तिला मुंबईची बोटसुद्धा दिसली नसती, आणि बहीण म्हणून सातासमुद्रापलीकडचं दार उघडं होतं. ह्यावर हसावं असं तिला वाटलं, पण ह्या खेपेला हसू आलं नाही.

परतीला कराडात मोटार बदलली. कृष्णेचा पूल लागला तेव्हा लालासाहेब म्हणाले, "राहीवैनीला काय सांगनार?"

"झालं त्ये."

"पोरी, आजून मागं फिरता येतंय. त्यो मुक्कामाला हाय साताऱ्यात."

"नगं तात्या. मेल्यालं मानूस सारकं उठून बसाय लागलं तर मरनाला कोन भिनार?"

लालासाहेबांनी तोंड खिडकीकडं वळवलं आणि उपरण्यानं नाक पुसलं.

वस्तीवर पोचेपर्यंत दिवस कलला होता. राहीबाई अंगणात होती. तिनं कासाराकडून हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या होत्या, फडक्यात बांधून, हाताचं माप मनानंच घेऊन. ओसरीवर शालूबाईकडून मागून आणलेला पाळणा होता. दोरीला नवी गाठ मारलेली होती.

"कवा येतोय?"

मनुबाई पायरीवर बसली. "येत न्हाई, आत्याबाई." तिनं फोटो पुढं केला.

राहीबाईनं तो उन्हाकडं धरला. बराच वेळ बघितला. लेकाच्या तोंडावरून बोट फिरवलं, मग नातवाच्या. तिटेवर बोट थांबलं. "डाव्या गालाला," ती म्हणाली. "मी त्येला डाव्याच गालाला लावायची." आणि मग तसंच फोटोकडं बघत विचारलं, "काय सांगून आलीस?"

"मनुबाई वारली म्हनून सांगितलं."

"कुनी सांगितलं?"

"मी. भैन म्हनून."

राहीबाई खाली बसली. गुडघ्यांनी बसू दिलं तशी, भिंतीला धरून. शालूबाई कुंपणाशी येऊन काही विचारणार होती, ती तिथूनच मागं फिरली.

"तुजा नवरा तू दिलास," राहीबाई म्हणाली. "तुजा हुता, तू दिलास. पन त्येच्यासंगट माजा ल्योक बी दिलास की गं. मला इचारलं न्हाईस."

साताऱ्यापासून साऱ्या वाटेनं मनुबाईनं त्या पोराचा विचार केला होता, त्या परक्या बाईचा केला होता, तिच्या म्हाताऱ्या आईचाही केला होता. आपल्या घरातल्या म्हातारीचा तिला विसर पडला होता. तिनं हात जोडले नाहीत, पाय धरले नाहीत, कारण त्यानं काही भरून येणार नव्हतं. ती नुसती बसून राहिली, शाईचा अंगठा मुठीत धरून. इतकं एकटं तिला बांगड्या फुटल्या त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

म्हशी परत आल्या. त्यांना बांधायला कुणी उठलं नाही, त्या आपणहून दावणीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मग राहीबाई उठली. बांगड्यांचं फडकं उचलून तिनं ते उतरंडीच्या तळच्या मडक्यात ठेवलं. फोटो देव्हाऱ्यात ठेवला. चुलीत दोन शेणी सारल्या आणि वर पाण्याचा हंडा चढवला. पाणी तापलं तसा तो तिनं एकटीनं ओढत न्हाणीपाशी आणला.

"न्हाऊन घे," ती म्हणाली.

"आत्ता?"

"सुतक हाय घरात."

"कुनाचं, आत्याबाई?"

"माजी सून गेलीया न्हवं?"

तिनं मनुबाईला दंडाला धरून न्हाणीतल्या दगडावर बसवलं आणि लुगड्यासकट तिच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला, मग दुसरा. बाहुल्यासाठी दोन वर्षांपूर्वी न आलेलं रडू मनुबाईला तेव्हा आलं, आणि राहीबाई हंडा संपेपर्यंत पाणी ओतत राहिली.